पत्राचा खर्च कोणी सोसावा?

मराठी घरांतून ‘नॉटपेड’ हा शब्द एके काळी फार परिचयाचा होता. पाकिटावर तिकीट नसले, किंवा वजनाच्या मानाने कमी पडले, की पोस्टमन उंबऱ्याशी उभा राहून दुप्पट हशील मागे. मग घरातील वडील मंडळी पाकिटावरचे अक्षर न्याहाळीत, ते कोणाचे असावे याचा तर्क चालवीत, आणि पत्र सोडवून घ्यावयाचे की परत पाठवावयाचे याचा निर्णय करीत. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपली मंडळी अशाच पत्राला ‘बैरंग’ म्हणत. हा शब्द दिसावयास फारसी आणि ऐकावयास हिंदी; परंतु मूळचा तो इंग्रजी ‘बेअरिंग’ होय. ज्याच्यावर देण्याचा भार अद्याप आहे, ते बैरंग पत्र.

हे दुप्पट हशील आपणांस दंडासारखे वाटे. तथापि टपालाच्या इतिहासात फार काळपर्यंत ज्याला पत्र येई त्याने पैसे द्यावे, हाच सर्वमान्य शिरस्ता होता. इंग्लंडात तर पैसे आधी भरून पत्र धाडणे म्हणजे समोरचा मनुष्य दरिद्री आहे असे सुचविणे, अशीही एक समजूत होती. हा शिरस्ता कसा मोडला आणि त्याच्या जागी जो आला तो न्यायाचा होता काय, हा आजच्या भाषणाचा विषय. टपाल हे निमित्त आहे. पाण्याचा पाट, रस्ता, तारायंत्र, वीज, टेलिफोन या सर्वांपुढे हाच प्रश्न उभा राहिलेला आहे. जाळे सर्वांचे मिळून असते. त्यातला कोणता धागा कोणी किती वापरला हे मोजता येते. परंतु सबंध जाळे विणण्याचा आणि राखण्याचा खर्च कोणाच्या नावे मांडावयाचा, हे केवळ मोजमापाने ठरत नाही.

या प्रश्नाचा पहिला स्वच्छ हिशेब मांडला तो एका शाळामास्तराने. रोलंड हिल याचा जन्म १७९५ सालचा. आयुष्याचा पूर्वार्ध त्याने शिक्षकी पेशात घालविला. पोस्ट खात्याशी त्याचा नोकरीचा संबंध नव्हता, आणि मला वाटते की म्हणूनच त्याला जे दिसले ते खात्यातल्या अनुभवी अधिकाऱ्यांना दिसले नाही. १८३७ साली त्याने टपालाच्या सुधारणेविषयी एक लहानसे पुस्तक छापले. त्या काळचे इंग्रजी टपालाचे दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर अवलंबून असत. एक कागद असला तर एकेरी दर, दोन असले तर दुहेरी. आत किती कागद आहेत हे पाहण्यासाठी कारकून पत्र दिव्यासमोर धरीत. लंडनहून एडिंबरोस जाणाऱ्या एका कागदी पत्राला एक शिलिंग दीड पेनी पडे. शेतमजुराच्या दिवसाच्या कमाईचा हा मोठा भाग होता. उलट पार्लमेंटच्या सभासदांना रोज दहा पत्रे फुकट पाठविण्याची आणि पंधरा फुकट घेण्याची मुभा असे. त्यांच्या पत्रांचा भार अर्थातच इतरांच्या हशिलावर पडे. कोणाच्या म्हशी आणि कोणाला उठाबशी, यातला तो प्रकार.

त्या काळची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कोणी ती कवी कोलरिज याच्या नावावर सांगतात, कोणी हिलच्या. एका गावी पोस्टमनने एका गरीब स्त्रीच्या हाती पत्र दिले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि पैसे नाहीत म्हणून परत केले. जवळ उभ्या असलेल्या त्या गृहस्थाला दया आली व त्याने ते सोडविले. पोस्टमन गेल्यावर त्या बाईने सांगितले, की आपण उगाच पैसे घालविलेत. आत काहीच लिहिलेले नाही. परगावी असलेल्या भावाशी तिचा संकेत ठरलेला होता. कोरे पत्र आले की समजावयाचे, तो खुशाल आहे! आपण ही गोष्ट ऐकून हसतो. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्या पत्रामागे गाडी धावली होती, घोडे बदलले होते, कारकुनाने नोंद केली होती, पोस्टमन दारापर्यंत चालत आला होता. आणि खात्याच्या पदरी काही पडले नव्हते. घेणाऱ्याने पैसे द्यावयाचे असले की नाकारण्याचा हक्कही त्याच्याकडे जातो, आणि नाकारलेल्या पत्रांचा खर्च न नाकारणाऱ्यांना भरावा लागतो.

हिलने केलेले मुख्य काम मात्र गोष्टीचे नव्हे, गणिताचे होते. लंडनहून एडिंबरोपर्यंत टपालगाडीच्या एका खेपेला पाच पौंड, म्हणजे बाराशे पेन्स खर्च येतो, असे त्याने धरले. गाडीवर टपालाचे ओझे सरासरी सहा हंड्रेडवेट, आपल्या आजच्या मापाने सुमारे ३०५ किलो. पाव औंसाचे एक पत्र धरले तर या ओझ्यात त्रेचाळीस हजार पत्रे बसतात. बाराशे पेन्सना त्रेचाळीस हजारांनी भागले, की एका पत्राच्या वाट्याला येतो पेनीचा छत्तिसावा भाग! चारशे मैल वाहून नेण्याचा खरा खर्च इतका, आणि त्या अंतराच्या नावावर घ्यावयाचे साडेतेरा पेन्स. म्हणजे हशील वाहतूकखर्चाच्या चारशे शहाऐंशी पट होते.

मग टपाल खात्याचा बाकीचा पैसा कोठे जात होता? पत्र स्वीकारणे, त्याचे अंतर काढून दर आकारणे, तो दर वहीत चढविणे, पत्रे वेगळी करणे, शेवटी दारी जाऊन पैसे वसूल करणे व त्या वसुलीचा हिशेब ठेवणे, यांत. हा सारा खर्च पत्र दहा मैल जावो की चारशे, जवळजवळ सारखाच. इतकेच नव्हे, तर आडवाटेच्या जवळच्या खेड्याला थोडीशी पत्रे पोहोचविणे हे दूरच्या मोठ्या शहराला पोतीच्या पोती नेण्यापेक्षा दरपत्री महाग पडते, हे त्याने दाखवून दिले. तेव्हा अंतराप्रमाणे दर घेणे हे वरवर न्यायाचे दिसत असले तरी ते खर्चाच्या वाटणीचे खोटे माप होते. खर्च ज्याने वाढतच नाही त्याच्या मापाने तो वाटला जात होता. शिवाय त्या मापणीचाच खर्च मोठा होता. यावर त्याने सुचविलेला उपाय सर्वांना माहीत आहे. अर्ध्या औंसाला एक पेनी, अंतर कितीही असो, आणि पैसे आधी भरावयाचे.

येथे एक बारकावा आहे, आणि हिलचे चरित्र थोडक्यात सांगणारे लोक तो बहुधा गाळतात. हिलची मूळची योजना सरसकट एका दराची नव्हती. मोठ्या टपालगावांमधली ने-आण आणि तेथून खेड्यापाड्यांत होणारी वाटणी हे दोन खर्च त्याने वेगळे मानले होते. पहिल्याला एक पेनी; दुसरा मात्र ज्या त्या भागाने आपला आपण भागवावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे गणित त्याला येथेच आणून सोडीत होते, कारण पेनीच्या छत्तिसाव्या भागाचा हिशेब हमरस्त्यावरच्या भरलेल्या गाडीचा होता. डोंगरातल्या वाडीवर एक पत्र घेऊन जाणाऱ्या माणसाचा नव्हता. प्रत्यक्ष अंमलात हा भेद टिकला नाही, सर्वत्र एकच दर झाला. म्हणजे शहरे एकमेकांना जोडणाऱ्या टपालापुरता समान दर हा काटेकोर न्याय होता, आणि खेड्यापुरता तो न्यायापेक्षा अधिक काहीतरी होते. शहरातल्या पत्रलेखकाने खेड्यातल्या पत्रलेखकाचा भार उचलावा, हा तो निर्णय. तो चुकीचा होता असे मी म्हणत नाही. परंतु गणिताने तो सिद्ध केला नव्हता.

पोस्टमास्तर जनरल लॉर्ड लिचफील्ड यांनी ही योजना निव्वळ कल्पनातरंग म्हणून उडवून लावली. व्यापाऱ्यांनी मात्र ती उचलून धरली आणि १० जानेवारी १८४० पासून पेनीचा दर सुरू झाला. पहिली चिकटवावयाची तिकिटे त्याच वर्षीच्या ६ मेपासून चालू झाली. सभासदांची फुकट पत्रेही त्याच जानेवारीत बंद पडली. वर्षाची पत्रसंख्या सुमारे साडेसात कोटींवरून जवळजवळ सतरा कोटींवर गेली. पण निव्वळ उत्पन्न सोळा लाख पौंडांवरून पाच लाखांवर घसरले आणि ते पूर्वीच्या पातळीवर येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. संख्या वाढेल हे हिलचे अनुमान खरे ठरले. किती वेळाने तूट भरून येईल, हे त्याला नीट दिसले नव्हते. १८४२ साली त्याला सरकारने कामावरून दूरही केले होते, चार वर्षांनी पुन्हा बोलाविले.

आता आपल्याकडे येऊ. कंपनी सरकारने १७७४ साली आपले टपाल लोकांना खुले केले तेव्हा दर शंभर मैलांना दोन आणे असा दर होता आणि त्यासाठी तांब्याची टोकने पाडली होती. १८३७ च्या कायद्याने पत्रे नेण्याचा मक्ता सरकारकडे आला. दर मात्र अंतराचेच राहिले. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्रास एक रुपया पडे, आग्र्यास बारा आणे. हा रुपया त्या काळचा, हे लक्षात ठेवावयास हवे. १८५० साली नेमलेल्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीने हिलचाच विचार हिंदुस्थानच्या विस्तीर्ण मुलखाला लावून पाहिला आणि समान दराची शिफारस केली. डलहौसीच्या कारकिर्दीत, १ ऑक्टोबर १८५४ पासून, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा दर सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. तोळ्याला दोन आणे. कलकत्त्यास सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत छापलेली निळी अर्ध्या आण्याची तिकिटे लावली की पत्र पुण्याहून सोलापूरला जावो, नाही तर पेशावरला. तिकीट न लावल्यास दुप्पट. आपले ‘नॉटपेड’ ते हेच.

डलहौसीविषयी मराठी मनात प्रेम असण्याचे कारण नाही, आणि या सुधारणेत राज्यकारभाराची सोय मोठी होती हेही उघड आहे. तरीही तिचा लाभ कोणाला सर्वांत अधिक झाला, असे विचारले तर महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्यासारख्या लोकांना, असे उत्तर द्यावे लागेल. देशावर राहणाऱ्याची पत्रे दहा-वीस कोसांच्या आत फिरत. वाईची मुलगी ग्वाल्हेरीस दिलेली, धाकटा भाऊ बडोद्यास नोकरीला, कुलदैवत कोकणात, अशा कुटुंबाचे प्रत्येक पत्र लांब पल्ल्याचे. अंतराचा दर त्यांना प्रत्येक खुशालीमागे स्थलांतराचा दंड करीत असे. १८७९ साली एका पैशाचे, म्हणजे पाव आण्याचे, कार्ड निघाले आणि दंडाचा तो अवशेषही गेला.

परंतु ‘सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. संस्थानी मुलखाची कथा निराळी आहे, आणि खर्चवाटणीच्या दृष्टीने तीच अधिक बोधक आहे. निजामाच्या राज्यात १८६९ पासून स्वतःची तिकिटे होती. ती राज्याच्या सीमेपर्यंत चालत. सीमेपलीकडे पत्र धाडावयाचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. जालन्याहून नगरला जाणारे पत्र हैदराबादला जाणाऱ्या पत्राहून कमी वाट चाले; पण मधल्या सीमेमुळे ते परक्या मुलखातले ठरे. पोर्तुगीज हिंदुस्थानची तिकिटे १८७१ साली निघाली, आणि गोव्याहून ब्रिटिश हिंदुस्थानमार्गे जाणाऱ्या पत्रांवर १८७७ पर्यंत दोन्ही सरकारांची तिकिटे शेजारी शेजारी लावलेली आढळतात. तिकिटे जमविणारे आज अशा पाकिटांना मोठी किंमत देतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो दुहेरी जकातनाकाच होता.

ग्वाल्हेरने १८८५ साली निराळा मार्ग धरला. शिंदे सरकार आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात टपालाचा करार झाला. तिकिटे हिंदुस्थान सरकारनेच छापावयाची, त्यांवर ‘ग्वालियर’ अशी अक्षरे इंग्रजीत व नागरीत उमटवावयाची आणि छपाईचा खर्च तेवढा घेऊन ती संस्थानाला द्यावयाची. तिकिटांच्या विक्रीचे उत्पन्न संस्थानाचे. अशा तिकिटाचे पत्र लष्करच्या टपालपेटीत पडले की ते मुंबई-मद्रासेपर्यंत बिनतक्रार जाई. परत येणाऱ्या पत्राचे पैसे हिंदुस्थान सरकार ठेवी आणि वाटणी ग्वाल्हेरचा डाकिया करी. पत्रागणिक देण्याघेण्याची भानगड नाही. पतियाळा, नाभा, जिंद इत्यादी संस्थानांचेही असेच करार झाले. १९५० साली संस्थानांची टपालखाती भारतीय टपालात विलीन झाली, तोवर ही व्यवस्था चालली होती.

या कराराच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते ग्वाल्हेरच्या आधी अकरा वर्षे बर्न शहरी जगाने मान्य केले होते. त्यापूर्वी दोन देशांतील पत्राचे हशील म्हणजे एक त्रैराशिकच असे. आपल्या देशाचा वाटा, मधल्या प्रत्येक देशाचा वाटा, समुद्रप्रवासाचा वाटा, पोहोचविणाऱ्या देशाचा वाटा, आणि मार्ग बदलला की सारे आकडे पुन्हा नवे. जर्मनीच्या टपालाचा प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान याच्या पुढाकाराने ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बावीस राष्ट्रांनी करार केला, की टपालापुरते आपण सर्व मिळून एकच मुलूख आहो. पत्राचा दर जवळजवळ एकसारखा ठेवावयाचा आणि प्रत्येक देशाने आपण वसूल केलेले सर्व हशील आपल्याकडेच ठेवावयाचे. हिंदुस्थान या संघात १ जुलै १८७६ रोजी दाखल झाला.

पोहोचविणाऱ्या देशाला मग काय मिळणार? त्याला मिळणार उत्तराचे हशील. एक पत्र गेले की एक परत येते, हे गृहीत धरून ही व्यवस्था बांधली होती. आपल्याकडे आहेराची रीत आहे तीच ही. आज मी तुमच्या घरी खण नेला, उद्या तुम्ही माझ्या घरी आणाल. मधल्या काळात वही कोणी उघडीत नाही. वही न उघडण्यातच मोठी बचत असते, हे बर्नला जमलेल्या व्यवहारी लोकांनी ओळखले होते. फक्त एका ठिकाणी ही रीत लागू पडेना. ज्या देशांतून केवळ दुसऱ्यांचे टपाल पलीकडे जाते त्यांच्या घरी कार्यही नाही आणि आहेरही नाही, नुसती वर्दळ. त्यांनी फुकट वाट देण्याचे नाकारले, आणि श्टेफानला आपला तो आग्रह सोडावा लागला. वाटखर्च देण्याचे ठरले; पण तोही प्रत्येक पत्र मोजून नव्हे, तर ठरावीक दिवसांच्या मोजणीवरून वर्षाचा अंदाज बांधून.

आहेराची रीत दोन्ही घरे तोलाची असेपर्यंत चालते. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी स्वतंत्र राष्ट्रे संघात आली तेव्हा तोल किती बिघडला आहे ते दिसू लागले. श्रीमंत देशांतून मासिके, सूचिपत्रे, पुस्तके यांचे भारे येत. ते गावोगाव वाटण्याचे श्रम घेणाऱ्या देशाचे, आणि तिकिटाचा पैसा पाठविणाऱ्याचा. मासिकाला उत्तर कोण लिहितो? अखेर १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरले, की ज्या देशाकडून अधिक टपाल येईल त्याने वाटणी करणाऱ्यास अधिक वजनापुरते पैसे द्यावे. पंचाण्णव वर्षे मिटलेली वही तेथे उघडली, ती पुन्हा मिटली नाही. गरीब देशांना सवलत म्हणून त्या दरांत फरक ठेवले गेले. आणि पुढे चीनमधून लहान लहान पुडक्यांचा पूर अमेरिकेत येऊ लागला तेव्हा हीच सवलत तक्रारीचे मूळ झाली. २०१८ साली अमेरिकेने संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हास भरलेल्या खास अधिवेशनाने, मोठ्या प्रमाणावर टपाल येणाऱ्या देशांना आपले वाटणीचे दर स्वतः ठरविण्याची मोकळीक दिली, तेव्हा ती नोटीस मागे घेण्यात आली.

श्रोतेहो, हे सारे जुने वाटत असेल तर आपल्या खिशातल्या मोबाइल टेलिफोनकडे पाहावे. १९९५ साली तो भारतात आला तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे घेणाऱ्याला पडत. म्हणजे प्रत्येक कॉल काही अंशी बैरंगच. साहजिकच लोक पडद्यावरचा नंबर पाहून उचलावयाचे की नाही ते ठरवीत, जसे पूर्वी पाकिटावरचे अक्षर पाहत. २००३ च्या मे महिन्यात ही रीत बदलली. पैसे करणाऱ्याचे, आणि त्याच्या कंपनीने घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे द्यावयाचे, असा नियम झाला. हा दर पुढे वीस पैसे, २०१५ साली चौदा पैसे आणि २०१७ साली सहा पैसे झाला. तो संपूर्ण काढून टाकावा की ठेवावा यावर कंपन्यांत मोठे भांडण जुंपले. खेड्यात मनोरे उभारलेल्यांचे म्हणणे असे, की आमच्या गिऱ्हाइकांना कॉल येतात फार, जातात थोडे. वाटणीचा खर्च आम्ही का सोसावा? हिलने खेड्यातल्या वाटणीचा खर्च वेगळा का मानला होता, ते हे भांडण ऐकताना चांगले समजते.

दुसऱ्या पक्षाच्या उत्तरात एक चमत्कारिक मुद्दा होता. दुसरीकडचे लोक आमच्या गिऱ्हाइकांना नुसते ‘मिस्ड कॉल’ देतात. घंटा वाजवून ठेवून देतात. आमच्याकडे कॉल फुकट असल्याने आमची गिऱ्हाइके उलट कॉल करतात. घंटा त्यांची, मिनिटे आमच्या नावावर, आणि पैसे आम्ही त्यांना द्यावयाचे! हा वाद पुष्कळ लांबला. अखेर १ जानेवारी २०२१ पासून तो दर शून्य झाला आणि बर्नच्या करारातील पहिलीच रीत परत आली. ज्याने वसूल केले त्याने ते ठेवावे. त्या मिस्ड कॉलविषयी वाचताना मला मात्र कोरे पत्र परत करणाऱ्या त्या बाईची आठवण झाली. घंटा वाजली, नाव दिसले, भाऊ खुशाल आहे. पैसे कोणी भरले नाहीत.